आदरातिथ्याचे शिक्षण रुग्णालयाच्या दारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात श्रीवर्धन येथे प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा ताळेबंद, तपासलेल्या रुग्णांची संख्या आणि देणग्यांची यादी या अहवालाच्या पुढील पानांत दिलेली आहे व तिचे वाचन माननीय खजिनदार करतीलच. आम्हांस मिळालेल्या वेळात आम्ही अशा एका कामाविषयी निवेदन करू इच्छितो, ज्यासाठी त्या ताळेबंदात स्वतंत्र ओळ नाही. सरत्या वर्षी आपल्या रुग्णालयात एक विद्यार्थिनी काही महिने प्रशिक्षणासाठी राहिली. ती वैद्यकीय शाखेची नव्हती, परिचर्येची नव्हती, औषधनिर्माणशास्त्राचीही नव्हती. ती हॉटेल व्यवस्थापनाची विद्यार्थिनी होती. गावातील अनेक हितचिंतकांनी कार्यालयात येऊन पृच्छा केली की, हॉटेलचे शिकणाऱ्या मुलीचे रुग्णालयात काम काय? प्रश्न रास्त आहे. असे प्रशिक्षण दरवर्षी चालू ठेवावे किंवा कसे, याचा निर्णय विश्वस्त मंडळास लवकरच घ्यावयाचा असल्याने त्याचे उत्तर आज सर्वांसमक्ष द्यावे हे उचित होय.

विद्यार्थिनी आपल्याच तालुक्यातील आहे. तिच्या इच्छेस मान देऊन नाव सांगत नाही. घरची सुपारीची वाडी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे कौतुक आपणांपुढे करण्याची गरज नाही, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वाड्यांचे काय केले, हेही सांगण्याची गरज नाही. दोनचार तासांत पिढ्यांची झाडे आडवी झाली. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी येईपर्यंत सहासात वर्षे सहज जातात. नारळालाही बरीच वर्षे लागतात. याचा अर्थ असा की, वादळानंतर लगेच ज्यांनी नवी रोपे लावली त्यांची वाडीदेखील आता कोठे धरू लागली आहे. अशा घरातील मुलीने मुंबईत शिक्षण घ्यावे आणि त्यातील अनिवार्य प्रशिक्षणाचे महिने एखाद्या मोठ्या हॉटेलात काढावेत, तर तेथील राहण्याचा खर्च घरच्यांनी सोसावयाचा. विद्यावेतन मिळाले तरी खोलीचे भाडे त्यातून भागत नाही. म्हणून तिने महाविद्यालयास विनंती केली की, हे प्रशिक्षण मला माझ्या गावच्या रुग्णालयात करू द्यावे.

महाविद्यालयाने प्रथम नकार दिला. त्यांची बाजू आम्हांस समजली. या अभ्यासक्रमात चार मुख्य विभाग असतात : अन्ननिर्मिती, अन्नसेवा, स्वागतकक्ष आणि कक्षव्यवस्था, ज्यास सर्वजण हाउसकीपिंग म्हणतात. हे चारही विभाग एका लहान रुग्णालयात खरोखर शिकावयास मिळतील, की मुलीला नुसतेच फाइली उचलावयास लावतील, अशी त्यांची शंका होती. घरच्यांची धास्ती वेगळी होती. शेजारचे मुलगे जहाजावर आणि आखातातील हॉटेलांत नोकरीस लागलेले. तेथे मुलाखतीत तारांकित हॉटेलचे प्रमाणपत्र विचारतात. रुग्णालयाचा कागद दाखवला आणि त्यांनी तो बाजूला सारला तर मुलीचे महिने फुकट जावयाचे, शिवाय वाडीचे उत्पन्न थांबलेले. शेवटी असे ठरले की, चारही विभागांची रोजनिशी तिने ठेवावी, तिच्यावर आमची आणि मेट्रनबाईंची स्वाक्षरी असावी, मधल्या काळात एक अध्यापक येऊन पाहणी करतील, आणि त्यांचे समाधान झाले नाही तर उरलेले महिने तिने हॉटेलातच पुरे करावेत.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण 'हॉटेलचे शिक्षण म्हणजे चैनीचे शिक्षण' हा समज दूर होणे आवश्यक आहे. हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटॅलिटी हे चारही शब्द एकाच लॅटिन मुळापासून निघालेले आहेत, ज्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. पण शब्दांपेक्षा इतिहास अधिक बोलका आहे. मुंबईत दादरला जी सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे, तिची सुरुवात १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला अन्न परिषदेने केली. ते दिवस अन्नटंचाईचे होते. उपलब्ध धान्यातून पौष्टिक अन्न कसे शिजवावे आणि मोठ्या संख्येला कसे वाढावे, ही तेव्हाची निकड होती. त्या संस्थेच्या पूर्ण नावात 'अप्लाइड न्यूट्रिशन' म्हणजे उपयोजित पोषण हे शब्द आजही आहेत. तारांकित हॉटेलांचा झगमगाट या शिक्षणात नंतर आला.

याहूनही जुने उदाहरण क्रिमियाच्या युद्धातील आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव प्रत्येक परिचारिका विद्यालयात घेतले जाते. परंतु स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात त्यांच्या बरोबरीने राबलेल्या अलेक्सी सोये या स्वयंपाक्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नसते. सोये हे लंडनच्या रिफॉर्म क्लब या प्रतिष्ठित क्लबाचे नामांकित शेफ होते. सैनिकांची आबाळ वृत्तपत्रांत वाचून ते १८५५ साली स्वेच्छेने तिकडे गेले. तेथे त्यांना काय दिसले? प्रत्येक तुकडीच्या वाट्याचे मांस एकाच मोठ्या हंड्यात बांधून सोडलेले, आपले कोणते ते ओळखावे म्हणून त्याला खिळे, बटणे असल्या खुणा अडकवलेल्या, मधले मांस कच्चे, आणि ज्यात सारा कस उतरला ते पाणी ओतून दिलेले. सोये यांनी ते पाणी ठेवून त्याचे सूप केले, शिधा तोच ठेवून पाककृती बदलल्या आणि सैनिकांतूनच स्वयंपाकी तयार केले. त्यांनी बनवलेली चूल ब्रिटिश सैन्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरत होते. त्यांना वैद्यकशास्त्र येत नव्हते. त्यांना स्वयंपाकघर चालवता येत होते.

आपल्या काळातील अनुभव तर ताजाच आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतील ताजसारख्या हॉटेलांनी आपल्या खोल्या डॉक्टर व परिचारिकांसाठी उघडल्या आणि तेथील स्वयंपाकघरांतून रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना जेवण गेले. महाराष्ट्रात हॉटेले पुन्हा उघडण्यास ८ जुलै २०२० पासून मर्यादित परवानगी मिळाली, तोवर या क्षेत्रातील विद्यार्थ्यांना प्रशिक्षणास जागाच नव्हती. आणि त्याच वेळी रुग्णालयांना स्वयंपाक, स्वच्छता आणि कपडे सांभाळणारी माणसे हवी होती. त्या वर्षी या दोन क्षेत्रांची गाठ संकटाने घालून दिली होती. ती शहाणपणाने घालून घेता येईल काय, एवढाच आजचा विषय आहे.

आता आपल्या रुग्णालयाकडे येतो. विद्यार्थिनीने पहिला महिना स्वयंपाकघरात काढला. तेथे आमच्या जुन्या स्वयंपाकीण काकूंचे राज्य आहे आणि ते तसेच असावे असे आमचे मत आहे. पहिले आठ दिवस काकूंनी तिला भाजी निवडण्यापलीकडे काही करू दिले नाही. "पोरी, तुझी ती उंच टोपी इथे काढून ठेव," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावले. तिने टोपी काढली, केस झाकणारी साधी जाळी घातली आणि म्हणाली, "काकू, टोपी राहू दे, पण केस झाकायचे ते तुम्हीही झाका." तेव्हापासून स्वयंपाकघरात सर्वजण जाळी घालतात. यासाठी यापूर्वी परिपत्रक काढण्यात आले होते, हेही नमूद करतो.

तिने आणलेल्या वस्तूंत एक थर्मामीटर होता, अन्नात खुपसावयाचा. गरम वाढावयाचे शाकाहारी अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राखावे, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. खाली उतरलेल्या कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. निरोगी माणसाला त्याने फार तर पोटदुखी होईल, शस्त्रक्रिया झालेल्या वा अशक्त रुग्णास ते परवडत नाही. तिने पातेल्यातील वरणाचे तापमान घेतले, मग गाडीवर, मग शेवटच्या खाटेपाशी, आणि तीनही आकडे रोजनिशीत लिहिले. पहिला आणि तिसरा आकडा यांत मोठी तफावत होती. खाटा जितक्या वाढल्या तितका गाडीचा फेरा लांबत गेला, त्याचा हा परिणाम. उपाय तिने स्वस्त सुचवला. सारा भात एकदम न शिजवता दोन घाण्यांत शिजवावा, मागचा वॉर्ड आधी घ्यावा, आणि ज्या रुग्णास भरवावे लागते त्याचे ताट सर्वांत शेवटी, भरवणारे माणूस जवळ उभे असताना वाढावे. हॉटेलात यास वेगळे नाव असेल. आपल्याकडे पंगत वाढणाऱ्या प्रत्येक गृहिणीस हे ठाऊक असते. फक्त पंगत तीन वॉर्डांत विभागली की विसरावयास होते.

एका वृद्ध कोळी आजींनी तीन दिवस ताटाला बोट लावले नव्हते. मुलगी चिंतेत, सून रडवेली. विद्यार्थिनी आजींजवळ बसली आणि घरी आजारपणात काय घेता, एवढेच तिने विचारले. आजी म्हणाल्या, "पेज. पण घट्ट नको. आणि हा चमचा नको गं बाय, वाटी दे." डॉक्टरांना विचारून, मीठ त्यांनी सांगितले तेवढेच घालून, तांदळाची पातळ पेज वाटीतून दिली. आजींनी ती प्यायली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या आहारतज्ज्ञ भगिनींनी त्यानंतर आपल्या हलक्या आहाराच्या तक्त्यात पेज, मऊ भात, मेतकूट व कुळथाचे कळण यांचा रीतसर समावेश केला आणि कोणत्या आजारात काय वर्ज्य तेही लिहून दिले. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण चवीचा आग्रह आणि पथ्य यांत शेवटचा शब्द पथ्याचाच राहील, हे आम्ही पहिल्या दिवशी लेखी स्पष्ट केले होते.

पथ्याचा प्रश्न स्वागतकक्षात अधिक अवघड होतो. आपल्याकडे रुग्णास भेटावयास येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, आणि श्रीवर्धनात तो शहाळे घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड दुर्बल झालेल्या रुग्णाच्या शरीरातून ते बाहेर पडत नाही आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा घातक परिणाम होऊ शकतो. पण स्वतःच्या वाडीतले शहाळे प्रेमाने घेऊन आलेल्या मामाला हे कसे सांगावे? नुसती मनाईची पाटी लावली की मामा शहाळे पिशवीत लपवून आत नेतो, हा सर्वांचा अनुभव आहे. विद्यार्थिनीने असे केले की, आहारतज्ज्ञ भगिनींकडून रोज सकाळी अशा रुग्णांची यादी घ्यावयाची, येणाऱ्यांना आधी बसावयास खुर्ची व पाणी द्यावयाचे, मग सांगावयाचे की, "काका, हे शहाळे पेशंटला बाधेल. पण बरोबर बसलेल्या वहिनी सकाळपासून उपाशी आहेत, त्यांना देऊ या का?" शहाळ्याचा मान राहिला, वहिनींच्या पोटात काही गेले, आणि रुग्णही वाचला. रुग्णाजवळ बसणारे माणूस स्वतः जेवत नाही, ही गोष्ट आपणांपैकी अनेकांनी भोगलेली असेल. रमजानच्या महिन्यात सोबतीला बसलेल्या मुस्लिम भगिनींसाठी पहाटे चहा व सायंकाळी पाणी-खजूर वेळेवर मिळेल अशी व्यवस्थाही तिनेच पाहिली. त्यास खर्च नगण्य आला.

कक्षव्यवस्थेत मात्र तिला शिकलेले बरेच काही विसरावे लागले. गमतीची गोष्ट अशी की, चादरीचा कोपरा दुमडण्याची जी घडी हॉटेलांत शिकवतात तिला 'हॉस्पिटल कॉर्नर' असेच म्हणतात; ती तिला आमच्या परिचारिकांइतकीच सफाईदार येत होती. पण खोली आवरताना चादर झटकावयाची नाही, कारण तिच्यावरील जंतू हवेत उडतात. मळके कपडे खाटेजवळ मोजावयाचे नाहीत. पुसणे नेहमी स्वच्छ जागेकडून अस्वच्छ जागेकडे न्यावयाचे. आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या पिशव्या व पात्रांस प्रशिक्षणार्थीने हात लावावयाचा नाही. येण्यापूर्वी तिने कावीळ ब ची लस घेणे आम्ही बंधनकारक केले होते. संसर्गजन्य कक्षात तिला पाठविले नाही.

सर्वांत कठीण धडा कोणत्याच विभागात लिहिलेला नव्हता. आदरातिथ्याच्या शिक्षणात स्मितहास्य शिकवतात. स्वागतकक्षातील मुलीने येणाऱ्याकडे पाहून हसावे, जाणाऱ्यास 'पुन्हा या' म्हणावे. दुसऱ्या महिन्यात एका रात्री वॉर्डात मृत्यू झाला आणि पहाटे नातेवाईक कागदपत्रांसाठी खिडकीशी उभे राहिले. ती तेथे होती. नंतर तिने मेट्रनबाईंना विचारले, "बाई, मी चेहरा कसा ठेवायचा?" मेट्रनबाईंनी उत्तर दिले, "ठेवायचा काही नाही. खुर्ची पुढे कर, पाणी दे, आणि त्यांनी विचारल्याशिवाय बोलू नकोस." आणि 'पुन्हा या' हे तर रुग्णालयात म्हणताच येत नाही. आपल्या मराठी रीतीत निघणारा 'येतो' म्हणतो आणि आपण 'या' म्हणतो. घरी जाणाऱ्या रुग्णास तेही म्हणवत नाही, आणि 'जा' तर त्याहून म्हणवत नाही. काकू सगळ्यांना 'सांभाळून राहा हं' म्हणतात. विद्यार्थिनीने तेच उचलले.

महाविद्यालयाचे अध्यापक येऊन दोन दिवस राहिले, रोजनिशी पाहिली, काकूंच्या हातचे जेवले आणि उरलेले प्रशिक्षण येथेच पुरे करण्यास त्यांनी मान्यता दिली. नोकरीच्या मुलाखतीचे काय झाले, हे घरच्यांइतकेच आम्हांसही जाणून घ्यावयाचे होते. एके ठिकाणी तिला हॉटेलचा अनुभव नाही म्हणून परत पाठविले. घरच्यांची धास्ती निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या ठिकाणी रोजनिशीतील तापमानाचे तक्ते पाहून अर्धा तास प्रश्न विचारले आणि तिला घेतले. तेथे मोठ्या प्रमाणावर जेवण पुरविण्याचे काम चालते. पगार सुरुवातीचाच आहे, पण त्यातून धाकट्या भावाची फी जाते, असे तिच्या वडिलांनी आम्हांस सांगितले.

आता पैशाचे बोलतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. त्याशिवाय आम्हांस चैन पडत नाही. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली जी योजना आली, तिच्यानुसार निर्धन रुग्णाच्या बिलात ज्या सेवा धरावयाच्या नाहीत त्यांत खाट व परिचर्येबरोबर चादरी, पाणी, वीज, स्वच्छता आणि रुग्णालय देत असल्यास अन्न, यांची गणना आहे. तत्त्व योग्यच आहे. परंतु ज्याचे बिल होत नाही त्याचा खर्च हिशोबात नेहमी ओझे म्हणून दिसतो, आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते. देणगीदारांचेही तसेच आहे. यंत्रासाठी देणगी मागितली की ती मिळते, कारण यंत्रावर पाटी लावता येते. याबद्दल आमची तक्रार नाही. त्या यंत्रांनी माणसे वाचली आहेत. मात्र वरणाच्या पातेल्यासाठी आजवर कोणी विचारणा केलेली नाही. वास्तविक भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आपल्या घराघरांत आहे. कोणाच्या मुंजीत, कोणाच्या लग्नात, कोणाच्या स्मरणार्थ, असे कोरलेले तांबे-पितळ आपल्या सर्वांच्या माळ्यावर सापडेल.

विश्वस्त मंडळापुढे ठेवलेला प्रस्ताव थोडक्यात असा आहे. दरवर्षी दोन प्रशिक्षणार्थी घ्यावेत, शक्यतो रायगड किनाऱ्यावरील घरांतील. त्यांना विद्यावेतन, दोन वेळचे जेवण आणि राहण्यास खोली द्यावी. त्यांना कर्मचाऱ्यांच्या रिक्त जागी राबवू नये. ज्या दिवशी सफाई कामगार गैरहजर आहे म्हणून प्रशिक्षणार्थीच्या हाती बादली दिली जाईल, त्या दिवशी हे प्रशिक्षण बंद करावे, अशी अट आम्ही स्वतःहून प्रस्तावात घातली आहे. कारण स्वस्त मनुष्यबळाचा मोह कोणत्याही प्रशासकास होतो आणि त्याविरुद्ध कागद असलेला बरा. काही विश्वस्तांचे मत असे आहे की, हाच पैसा परिचारिका प्रशिक्षणाकडे वळवावा. त्या मतात तथ्य आहे आणि त्यावर मंडळात सविस्तर चर्चा होईल. आमचे म्हणणे एवढेच की, परिचारिकेस आज ताट वाढावे लागते, शहाळे अडवावे लागते आणि चादरीही मोजाव्या लागतात; ते काम तज्ज्ञ हाती गेले तर तिला रुग्णाकडे पाहावयास वेळ मिळेल.

प्रस्ताव मान्य झाल्यास सर्वप्रथम झाकणाच्या, उष्णता राखणाऱ्या दोन अन्नगाड्या, पाणी गरम करण्याची सोय असलेली भांडी धुण्याची जागा आणि मागच्या इमारतीतील एका खोलीची डागडुजी, एवढी निकड राहील. अंदाजपत्रक कार्यालयात पाहावयास ठेवलेले आहे. ज्यांना स्वयंपाकघर प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर अवश्य यावे. पादत्राणे बाहेर काढावीत, केसांची जाळी दाराशी मिळेल. जेवणाची गाडी साडेबाराला निघते, त्या वेळी वाटेत उभे राहू नये, अशी काकूंची विनंती आहे.